पाण्याची वाटी



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि पगारवाढीच्या वाटाघाटींत गेले, त्याने ह्या व्यासपीठावर उभे राहून कुत्र्याच्या पाण्याबद्दल बोलावे, हे थोडे विचित्र दिसते खरे. आम्ही पंडित नाही. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण काही प्रश्न माणसाला पुस्तकातून नव्हे, तर पोटातून पडतात, आणि हा त्यांतलाच एक आहे.

तरुणपणी आम्ही एका कारखान्याच्या ओतशाळेत होतो. पिण्याच्या पाण्याचा नळ एकच, तोही पार फाटकाजवळ. जाऊन येण्यास लागणारी मिनिटे मुकादम वहीत टिपून ठेवी, म्हणून तहान लागली तरी माणसे जागची उठत नसत. एका मे महिन्याच्या दुपारी आमचा एक सोबती साच्याशेजारीच कोसळला. तो वाचला. चौकशीत मुकादम म्हणाला, "नळ काय बंद होता? पाणी नको असे कोणी म्हटले होते?" त्याच फाटकावर राखणीचा एक कुत्रा बांधलेला असे. त्याचे भांडे दर पाळीला स्वच्छ पाण्याने भरावे, असे पहारेकऱ्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले होते. आम्हांला कुत्र्याचा हेवा वाटला नाही. आम्हांला प्रश्न पडला तो एवढाच, की ही ओळ लिहावी हे माणसाला सुचले कसे आणि केव्हा? त्या ओळीचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कुत्र्याच्या देहाविषयी दोन शब्द. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. अंग तापले की तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि जिभेवरून, तोंडातून व श्वासमार्गातून पाण्याची वाफ होऊन उष्णता बाहेर पडते. त्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जोराच्या धावपळीत ते ४१ अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर चढू शकते. म्हणजे अंगातले पाणी हेच त्याचे थंडावा राखण्याचे साधन होय. शिवाय धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, आणि ज्याचे नाक हेच हत्यार, त्याचे हत्यारच मग बोथट होते.

पण खरी गोष्ट ह्यापुढेच आहे. कामाचा कुत्रा आपण होऊन थांबत नाही. तो थांबत नाही म्हणूनच त्याला कामासाठी निवडलेले असते. चेंडूच्या किंवा मालकाच्या शाबासकीच्या आशेने तो तहान विसरतो आणि पडेपर्यंत धावतो. नगावर मजुरी घेणारा कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून "पाणी समोर होते, तो प्यायला नाही" हे उत्तर कुत्र्याच्या बाबतीत चालत नाही. आमच्या मते ते कोणाच्याच बाबतीत चालू नये.

आता इतिहासाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लहानसहान विक्रेत्यांच्या गाड्या कुत्रे ओढीत. घोडा परवडत नाही अशा गरिबाचे ते वाहन होते. १८३९ च्या पोलीस कायद्याने राजधानीत अशा गाड्यांना बंदी झाली, आणि १८५४ च्या कायद्याने ती देशभर लागू झाली. ह्या बंदीमागे दया होती, पण भीतीही होती. राबून राबून तहानेने व्याकूळ झालेला कुत्रा पिसाळतो, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. ती चुकीची होती. पिसाळरोग विषाणूमुळे, मुख्यतः चाव्यातून, पसरतो, तहानेमुळे नव्हे. म्हणजे कुत्र्याच्या तहानेकडे लोकांचे लक्ष गेले ते बऱ्याच अंशी स्वतःच्या जिवाच्या काळजीने! आणि फळ काय? गाडी गेली, पण कुत्र्याची सोय कोणी पाहिली नाही. ज्याला काम नाही त्याला भाकरी नाही, ह्या न्यायाने कितीतरी कुत्री मारली गेली. बंदी घालणे सोपे, पोटाची व्यवस्था लावणे कठीण, हा अनुभव आम्हां कामगारांना नवा नाही.

दुसरा टप्पा धर्मादायाचा. १८५९ साली लंडनमध्ये सॅम्युएल गर्नी ह्या लोकसभा-सदस्याच्या पुढाकाराने रस्त्यांवर फुकट पाण्याचे नळ बसविणारी संस्था निघाली. १८६७ मध्ये तिने गुराढोरांसाठी हौद बांधण्याचे कामही नावात आणि कार्यात घेतले. घोड्यांसाठी उंच हौद आणि खाली, जमिनीलगत, कुत्र्यांसाठी लहानशी कुंडी, अशी रचना त्या शहरात आजही पाहावयास मिळते. आपल्याकडील पाणपोई आणि वेशीजवळचा गुरांचा हौद ज्यांना आठवतो, त्यांना ह्या कामाचे पुण्य सांगावयास नको. पण धर्मादायाला एक मर्यादा असते. हौद रस्त्यात आहे आणि कुत्रा गाडीला जुंपलेला आहे. मालक थांबला तर पाणी, न थांबला तर तहान!

ही मर्यादा ओलांडली ती हॉलंडने. तेथे आणि शेजारच्या बेल्जियममध्ये कुत्र्यांच्या गाड्या विसाव्या शतकातही सर्रास चालत. दूधवाले, पाववाले, भाजीवाले ह्यांचा संसार त्यांवर होता. प्राणिमित्र म्हणत, ही प्रथा समूळ बंद करा. गाडीवाले म्हणत, मग आम्ही खावे काय? ह्या झगड्यातून १९१० साली डच संसदेने ओढकाम करणाऱ्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने बंदी घातली नाही, नियम घातले. परवाना, गाडीवर क्रमांक, कुत्र्याच्या उंचीची किमान मर्यादा, विसाव्यासाठी अंगाखाली काही कोरडे, आणि गाडीबरोबर पाणी पाजण्याचे भांडे.

ह्या शेवटच्या कलमापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो. वस्तू किती क्षुल्लक, एक भांडे! पण तिच्यामुळे पाण्याची जागा बदलली. काल ते रस्त्यावर, दात्याच्या मर्जीवर होते. आज ते गाडीवर, मालकाच्या जबाबदारीत आले. रस्त्यावरचा शिपाई आता "तुझा कुत्रा तहानेला आहे का?" असे विचारीत बसणार नव्हता, कारण त्यावर वाद घालता येतो. तो विचारणार होता, "भांडे कुठे आहे?" ह्या प्रश्नावर वाद नाही. कामगारांसाठी करार लिहिताना आम्ही हाच धडा गिरविला आहे. चांगुलपणा मागू नये, डोळ्यांना दिसणारी वस्तू मागावी. पुढे १९६१ च्या प्राणिसंरक्षण कायद्यानंतर कुत्र्याला जुंपणे हॉलंडमध्ये बंद झाले. तोवर मोटारी आणि तीनचाकी गाड्या आल्या होत्या.

तहान फक्त उन्हातच लागते असे मात्र समजू नये. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी ६७४ मैलांच्या बर्फातून औषध साडेपाच दिवसांत पोचविले. चोहीकडे बर्फ, म्हणजे गोठलेले पाणीच. पण ते खाऊन वितळविण्यात कुत्र्याच्या अंगची ऊब खर्च होते. म्हणून तिकडचे जाणते गाडीवान मुक्कामाला स्वतःचा चहा होण्यापूर्वी बर्फ वितळवितात आणि त्यात मांसाचा थोडा रस घालतात, कारण साध्या पाण्याला थकलेला कुत्रा तोंड लावीलच असे नाही.

ह्या अडाणी वाटणाऱ्या युक्तीला अलीकडे शास्त्रानेही दुजोरा दिला. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यावर ढिगाऱ्यात शोध घेणाऱ्या कुत्र्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत सिंथिया ऑटो ह्या पशुवैद्य होत्या. २०१२ साली त्यांनी पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात कामाच्या कुत्र्यांसाठी केंद्र काढले. २०१७ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टेक्ससच्या उन्हात काम करणाऱ्या शोधक कुत्र्यांना साधे पाणी, कोंबडीच्या चवीचे क्षारपाणी आणि कातडीखाली टोचून दिलेले पाणी, अशा तीन रीती त्यात तपासल्या होत्या. चवीचे पाणी मिळालेली कुत्री अधिक प्यायली. घामावाटे आपल्याइतके मीठ कुत्रा गमावीत नाही, त्यामुळे एरवी त्याला स्वच्छ साधे पाणी पुरते. प्रश्न क्षारांपेक्षा तो पितो की नाही, हा आहे.

आपल्याकडे पोलिसांच्या श्वानपथकांचे काम लोकांना ठाऊक आहे. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांच्या वेळी तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके शोधून देणाऱ्या झंजीर कुत्र्याचे शिक्षण पुण्यात झाले होते. अशा कुत्र्याला घडविताना पाणी कसे द्यावे, ह्याच्या रीती आता जाणत्यांना माहीत आहेत. शिकवणी पहाटे किंवा संध्याकाळी घ्यावी. उन्हाळा सुरू होताच एकदम राबवू नये, अंगाला सवय लागू द्यावी. काम सुरू होण्याआधी पाणी द्यावे, मग दर विश्रांतीला सावलीत थोडे थोडे द्यावे, आणि काम संपल्यावर धाप बसली की पुन्हा द्यावे. एकदम घटाघटा पोटभर पाजणे घातक ठरू शकते. हिरड्या ओल्या आहेत की चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसते की नाही, लघवी गडद आहे काय, पावले अडखळतात काय, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बस म्हटल्यावर जसे बसावयाचे, तसे पाणी पुढे आल्यावर थांबून प्यावयाचे, हे पिल्लाला पहिल्या दिवसापासून शिकवावे. पाण्याची सुट्टी ही कामातली खोटी नव्हे, ती कामाचाच भाग आहे, हे कुत्र्याच्या आधी शिकविणाऱ्याला पटले पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्या संतांनी हे केव्हाच सांगितले. खरे आहे. एकनाथांनी कावडीतले गंगेचे पाणी तडफडणाऱ्या गाढवाला पाजले आणि नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ह्या कथा आपण आईच्या मांडीवर ऐकल्या. पण नाथ सगळ्यांच्याच वाटेवर भेटत नाहीत. ज्या भूमीत ह्या कथा सांगितल्या गेल्या, तिथेच महाडच्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत आणि माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळ भरून जो हक्क बजावला, तो दयेचा नव्हता. दया आणि हक्क ह्यांतले अंतर किती, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

भारतात १९६० च्या कायद्याने जनावराला पुरेसे पाणी न देणे हा मालकाचा गुन्हा ठरला. १९६५ च्या नियमांनी तर पारा ३७ अंशांवर गेल्यास दुपारी बारा ते तीन गाडीला वा ओझ्याला जनावर लावण्यास मनाई केली. माणसांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्याची सोयीची जागा, त्यावर कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी, अशी तरतूद आली. आमच्या ओतशाळेत हे कलम भिंतीवर टांगलेले होते, आणि नळ फाटकाजवळ होता! सोबती कोसळल्यानंतर सात महिने भांडून आम्ही करारात एक ओळ घालून घेतली, ती अशी : दर पाळीला दोनदा पाणी कामाच्या जागी पोचविले जाईल, आणि ते पिण्याचा वेळ कामाचा वेळ मानला जाईल. ती ओळ आम्हांला कोणत्या पुस्तकाने दिली नाही. फाटकावरच्या कुत्र्याच्या भांड्याने दिली.

ज्याच्या हाती दोरी, त्याच्यावर पाण्याची जबाबदारी, एवढेच आमचे सांगणे आहे. उद्या वैशाखात आपल्या दारावरून श्वानपथकाची गाडी जाईल, किंवा आपल्याच गल्लीत डांबर टाकणारी माणसे दिसतील. तेव्हा त्यांना तहान लागली आहे का, असे विचारू नका. भांडे कुठे आहे, असे विचारा.