राहुलोवाद आणि जन्मावर लादलेला अपराध

कोवळ्या वयातील मुलाच्या हातून दुष्कृत्य घडते, तेव्हा त्याचे मूळ कोठे शोधावयाचे: त्याच्या कर्मात की त्याच्या जन्मात? नीरा व भीमा या नद्यांच्या मध्ये वसलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या भूमीत पारधी समाजाची कुटुंबेही राहतात, आणि त्यांच्या कपाळी परकीय कायद्याने मारलेला शिक्का अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. म्हणून या प्रश्नाला भगवान बुद्धांनी दिलेले उत्तर आम्ही येथे तपासून पाहणार आहोत.

हे उत्तर मज्झिमनिकायातील ६१ व्या सुत्तात, अम्बलट्ठिक-राहुलोवादात, आले आहे. अट्ठकथेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. भगवंतांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, मग ते फेकून दिले, भांडे पालथे केले आणि पुन्हा उताणे करून रिकामे दाखविले. जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य असेच पोकळ असते, हा त्याचा आशय. त्यानंतर त्यांनी आरशाचा दाखला दिला. काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तपासावे. त्याने स्वतःला वा इतरांना पीडा होते काय, हे पाहावे. कायेने वा वाचेने चूक घडली असल्यास ती शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सहाध्यायापुढे उघड करावी व पुढे संयम राखावा. कर्म कुशल असल्यास आनंदाने पुढे जावे. पालीत या तपासणीला ‘पच्चवेक्खण’ म्हणतात. येथे दंडाची भाषा नाही आणि कुळाचा उल्लेखही नाही. शाक्यकुलात जन्मल्याने राहुलाला काही सूट मिळाली नाही.

या उपदेशाचा प्रवास दूरवर झाला. बैराट येथील शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मपर्याय सांगितले, त्यांत असत्यासंबंधीचा राहुलोवाद आहे. पुढे गौतम संघदेवाने इ.स. ३९७-३९८ मध्ये आजच्या नानजिंग येथे मध्यमागमाचे चिनी भाषांतर केले. त्यातील चौदावे सूत्र राहुलाचेच आहे. चीनला आत्मपरीक्षण नवे नव्हते. कन्फ्यूशियसचा शिष्य झेंगझी हा दररोज तीन बाबतींत स्वतःला तपासत असे: इतरांच्या कामातील निष्ठा, मित्रांशी प्रामाणिकपणा आणि शिकलेल्या विद्येचा अभ्यास. त्या भूमीतील श्रामणेरांना राहुलसूत्राने कर्माच्या आधी, मध्ये व नंतर असा त्रिविध विचार दिला.

ज्या देशातून हा विचार चीनला गेला, त्याच देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. येथे अपराध कृत्यावरून नव्हे, जमातीवरून ठरत होता. अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून अलग करून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. ज्याने काही केलेलेच नाही, त्याने तपासावे काय आणि सुधारावे काय? जन्म हाच दोष ठरला की पच्चवेक्खणाला जागाच उरत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी संशय मात्र रद्द झाला नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कम्माचा अर्थ नैतिक व्यवस्था असा केला आणि गतजन्मीच्या पापाने आजची विषमता समर्थनीय ठरविणारा युक्तिवाद नाकारला. जन्माने अस्पृश्य ठरविले गेलेल्यांना जन्माने गुन्हेगार ठरविलेल्यांचे दुःख समजावून सांगावे लागू नये.

बारामती व इंदापूर परिसरातील विहारांत मुलांकडून पंचशील पाठ करून घेतले जाते. त्यासोबत राहुलोवादही शिकविला जावा, आणि त्या वर्गात पारध्यांच्या पालावरील मुलालाही बसावयास जागा असावी. चूक उघड करणाऱ्या मुलाला ती शांतपणे ऐकून घेणारा वडीलधारा हवा असतो. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेत थेर भिक्षूही आपले दोष दाखवावेत म्हणून संघाला विनंती करतात. तेव्हा या वर्गातील आरसा मुलांपुरता राहू नये. शेजारच्या पालाकडे पाहणाऱ्या आपल्या नजरेसमोरही तो धरला जावा.