रजस्वला आणि जलाशय : एका निषेधाचा इतिहास

रजोधर्मावर जाहीरपणे लिहिणे आपल्या समाजात अद्यापि संकोचाचे मानले जाते. "कावळा शिवला", "बाहेर बसली" अशा आडपडद्याच्या भाषेतच घरोघरी या गोष्टीचा उल्लेख होत आला. आपल्या शास्त्रकारांनी मात्र असा संकोच धरला नव्हता. संहिता, स्मृती आणि टीकाग्रंथ यांत हा विषय उघडपणे चर्चिलेला आहे. तेव्हा आम्हीही त्याच मोकळेपणाने त्यातील एका लहानशा निषेधाचा विचार करणार आहोत. पाळीच्या दिवसांत मुलीने पोहावयास जाऊ नये, हा तो निषेध होय.

हैदराबाद हे जलाशयांचे शहर. हुसेनसागर कुतुबशाही काळातला. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हजारो माणसे घेतली, आणि त्यानंतर पूरनियंत्रणासाठी १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर ही धरणे पूर्ण झाली. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी गच्चीबावली येथे मोठे जलतरण संकुल उभे राहिले. सांप्रत दर उन्हाळ्यात शहरातील तलावांवर पोहण्याचे वर्ग भरतात आणि त्यांत मराठी व कोंकणी घरांतील मुलीही असतात. परंतु महिनाभराच्या वर्गातील चार-पाच दिवस यांतील कित्येकजणी घरीच राहतात. काही जणी तर पुन्हा वर्गास येतच नाहीत. हा निषेध आला कोठून?

त्याचे सर्वांत जुने मूळ तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात सापडते. इंद्राने त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप यास मारले. त्या ब्रह्महत्येचा एक तृतीयांश पृथ्वीने, एक तृतीयांश वृक्षांनी आणि उरलेला स्त्रियांनी घेतला, अशी ती कथा आहे. तिच्या अखेरीस रजस्वलेने तीन रात्री पाळावयाची व्रते येतात. जी स्नान करील तिचे मूल पाण्यात बुडून मरेल. जी केस विंचरील तिचे टकले होईल. जी दात घाशील तिच्या मुलाचे दात काळे होतील. जी नखे कापील तिच्या मुलाची नखे वाईट होतील. सूत कातणे आणि दोरी वळणे यांनाही असेच फळ सांगितले आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे आमच्याच व्यवसायातले. त्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व व्रतांची सविस्तर नोंद घेतली आहे.

आता वकिली दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ही सर्व बंधने एकाच वचनातली, एकाच अधिकाराची. त्यांपैकी दात घासण्याचे बंधन आज कोणत्या घरात पाळले जाते? वेणीफणी कोण सोडते? इतकेच नव्हे, तर त्या दिवसांत रोजचे स्नानही बहुतेक घरांत होते. चौथ्या दिवशीचे न्हाणे तेवढे वेगळे उरले आहे. म्हणजे नळाच्या पाण्याला आपण संमती दिली आणि तलावाच्या पाण्याला तेवढी नाकारली. एकाच कलमातील नऊ वाक्ये गाळून दहावे राखावयाचे, तर त्याला काही कारण दाखवावे लागते. आम्हांस तरी ते शास्त्रात सापडत नाही.

शास्त्रकार स्वतः किती व्यवहारी होते याचे उदाहरण पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातच आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात मोडत असे. तापाने आजारी असलेल्या रजस्वलेने चौथ्या दिवशी शुद्ध कसे व्हावे, असा प्रश्न त्या परंपरेत येतो. उत्तर असे की दुसऱ्या स्त्रीने तिला स्पर्श करून स्वतः स्नान करावे. असे दहा-बारा वेळा झाले की आजारी स्त्री वस्त्र बदलून शुद्ध होते. स्त्रीच्या प्रकृतीस अपाय होत असेल तर विधीने वाकावे, स्त्रीने मोडू नये, हे त्याचे तात्पर्य होय.

देवालयांच्या परंपरेतही रजोधर्म सर्वत्र लज्जास्पद नाही. आसामात कामाख्येचे मंदिर आषाढात अंबुबाचीच्या वेळी तीन दिवस बंद असते, कारण देवी रजस्वला झाली असे मानतात. केरळात चेंगन्नूरच्या भगवतीचा असाच उत्सव होतो आणि त्यानंतर देवीला मिरवणुकीने पंपा नदीवर स्नानास नेतात. आपल्याकडील ऋषिपंचमीचे आघाड्याच्या काड्यांचे स्नानही याच विषयाशी निगडित आहे.

मग निषेध टिकला कशामुळे? आमच्या मते त्याचे खरे कारण साधनांचा अभाव हे होते. जुन्या लुगड्याची घडी घेऊन विहिरीत किंवा नदीत उतरणे शक्यच नव्हते. आजचा पॅडही पाण्यात निरुपयोगी ठरतो, कारण तो तलावाचेच पाणी शोषून फुगतो. पाण्याच्या दाबाने बाहेर येणारा स्राव मंदावतो, पण तो थांबत नाही. अमेरिकेत अर्ल हास या डॉक्टरला १९३३ साली टॅम्पॉनचे पेटंट मिळाले आणि १९३७ साली लिओना चाल्मर्स या बाईंना मेन्स्ट्रुअल कपाचे. तेव्हा कोठे ही अडचण सुटली. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा लागतो. तो जास्त वेळ ठेवल्यास क्वचित प्रसंगी गंभीर विषबाधा होते. कप बारा तासांपर्यंत चालतो आणि उकळून पुन्हा वापरता येतो. हे नको असेल तर स्राव शोषणारे पोहण्याचे खास कपडेही मिळतात. स्राव कमी असताना ते पुरतात. अशा साधनांनी मुलीचे कौमार्य जाते ही समजूत निराधार आहे. वेदना किंवा स्राव फार असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सांगणे नलगे.

हा संकोच केवळ आपलाच नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने शर्यतीनंतर दूरचित्रवाणीवर आपल्याला आदल्या रात्री पाळी आल्याचे सांगितले. तेव्हा पाळीत पोहता येते याचेच तिच्या देशातील अनेकांना आश्चर्य वाटले.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. बहिष्काराची रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात जातीप्रमाणेच लिंगावरूनही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. शबरीमलेचा २०१८ चा निकाल व २०१९ साली मोठ्या पीठाकडे गेलेले प्रश्न हा मंदिरप्रवेशाचा वाद आहे आणि त्याविषयी वाचकांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. जलतरण तलाव हे देवालय नव्हे. तेथे ना मूर्ती, ना सोवळे. पाळीच्या कारणावरून मुलींना मज्जाव करणारा नियम एखाद्या सार्वजनिक तलावाने केला, तर त्याचे न्यायालयात समर्थन करणे कठीण जाईल असे आमचे मत आहे.

परंतु मुलीला अडवितो तो तलावाचा नियम क्वचितच. बहुधा घरातला एक शब्दच तिला अडवितो. पोहणे ही चैन नव्हे. मुसीचा पूर ज्या शहराने पाहिला त्याला हे निराळे सांगावयास नको. रजस्वलेने स्नान केल्यास मूल पाण्यात बुडेल, असे भय त्या प्राचीन वचनाने घातले होते. आज पाण्यात बुडण्याचे भय आहे ते ज्या मुलीला पोहणे शिकू दिले नाही तिला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी नातीला साधन कोणते व ते कसे वापरावे हे आपण होऊन सांगितले, तर तिचा वर्ग चुकणार नाही आणि आपल्या परंपरेलाही त्यात काही बाध येणार नाही.