मुलुखमैदान ते चाकण : तुर्कस्तानाशी आपला व्यवहार

तुर्कस्तान म्हटले की आपल्या समाजाला दोन गोष्टी आठवतात. जुन्या पिढीला खिलाफत आणि नव्या पिढीला उर्दूत आलेल्या तुर्की मालिका. एकीत हळहळ आहे, दुसरीत तलवारी आहेत. तुर्की माणूस दुकान कसे चालवतो, उधारी कशी ठेवतो, शब्द कसा पाळतो, हे दोन्हींत कोठेच येत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये आम्ही उर्दू माध्यमाच्या ज्या मुलांना इतिहास शिकवतो, त्यांतील बरीच मुले पुढे भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत यंत्रावर उभी राहतात. त्यांच्या हातून उतरलेला सुटा भाग उद्या कोणत्या देशात जाईल, सांगता येत नाही. म्हणून हा विषय भावनेतून काढून व्यवहारात आणणे आम्हाला गरजेचे वाटते.

हा व्यवहार आजचा नाही. सन १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या अहमदनगरात मुहंमद बिन हसन रूमी याने एक प्रचंड तोफ ओतली. रूमी म्हणजे रूमचा, उस्मानी मुलखातला. हीच पुढे परांड्याहून विजापूरला गेलेली, सुमारे पंचावन्न टनांची मुलुखमैदान तोफ. मराठीत मोठ्या आवाजाच्या वक्त्याला आपण आजही हेच नाव देतो. पण ती ओतणारा कारागीर कोण, हे मात्र विसरतो. दख्खनच्या दरबारात त्याची कदर झाली ती त्याच्या हुन्नरामुळे.

दुसरा प्रसंग विसाव्या शतकातला. १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती उभी राहिली. गावोगाव वर्गणी जमली, आयाबहिणींनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. यातला काही पैसा मुस्तफा कमाल यांच्याकडे पोहोचला. पुढे ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफतच बरखास्त केली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला तेथे इश बँक स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या भांडवलात हिंदी मुसलमानांनी पाठवलेल्या रकमेचा वाटा होता. इकडे मात्र समितीचे अध्यक्ष, लाकडाचे व्यापारी छोटानी यांच्या व्यवसायात निधी अडकला आणि तो वसूल करण्यातच चळवळीची शक्ती गेली. तुर्कांकडे बँक उभी राहिली, आपल्याकडे हळहळ उरली. दान देताना आपण हिशेब विचारला नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

आजचा तुर्की समाज समजून घ्यायचा तर १९२३ नंतरचे बदल ध्यानात घ्यावे लागतात. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली, १९३४ मध्ये सर्वांना आडनाव घेणे सक्तीचे झाले, १९३५ पासून साप्ताहिक सुट्टी रविवारी आली. बहुसंख्य लोक मुसलमान असले तरी राज्य धर्मनिरपेक्ष आहे. नमाजी आणि बेनमाजी एकाच घरात सापडतात. तेव्हा केवळ सलाम केल्याने सौदा होईल, या भ्रमात कोणी राहू नये.

भाषेचा मात्र आपल्याला थोडा आधार आहे. किताब, कलम, हिसाब, दुकान हे शब्द थोड्या फरकाने तेथेही आहेत. खरेदीदाराला ते ‘मुश्तेरी’ म्हणतात, भांडवलाला ‘सेरमाये’, म्हणजे आपला सरमाया. पण सावधही राहावे. ‘मिसाफिर’ म्हणजे तेथे प्रवासी नव्हे, पाहुणा. ‘वादे’ म्हणजे पैसे चुकते करण्याची मुदत. उर्दूतला वादा मोडला तर मन दुखते, तुर्कीतला मोडला तर बाजारातली पत जाते. माणसाला हाक मारताना पहिल्या नावापुढे बे किंवा हानम लावतात. दुकानात शिरताना, निघताना ‘हायिर्ली इश्लेर’, कामात खैर असो, असे म्हणतात. चहा नाकारू नये आणि पहिल्याच पेल्याला भावावर येऊ नये.

तेथील बाजाराला जुनी शिस्तही आहे. अनातोलियात अही नावाचे कारागिरांचे बंधुसंघ होते. इब्न बतूताने चौदाव्या शतकात त्यांचा पाहुणचार घेतला होता. हाच प्रवासी पुढे आपल्या दौलताबादलाही आला. वाईट जोडा शिवणाऱ्याचा जोडा छपरावर फेकला जाई, अशी आठवण सांगतात. ‘जोडा छपरावर गेला’ हा वाक्प्रचार तुर्कीत अजून आहे.

आता रोकडा हिशेब. १९९६ पासून तुर्कस्तान युरोपीय संघाशी जकात संघाने जोडलेला आहे, त्यामुळे बुर्सासारख्या शहरात मोटारींचा आणि सुट्या भागांचा उद्योग फोफावला. बुर्सा म्हणजे तिकडचे पिंपरी-चिंचवडच. पण लिरा घसरता आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. म्हणून भाव डॉलर किंवा युरोत ठरवावा, मुदत कागदावर घ्यावी. १९२६ च्या कायद्याने तुर्की कंपन्यांचे हिशेब तुर्की भाषेत असतात, तेव्हा दुभाषा आपला असावा.

चाकणला ज्यांचा कारखाना आहे त्या महिंद्रांनी २०१७ मध्ये अंकाराची एर्कुंत ट्रॅक्टर कंपनी घेतली, सोबत एर्कुंतच्या ओतकामाच्या कारखान्यातही हिस्सा घेतला. अहमदनगरात रूमी ओतारी आला होता. आता महाराष्ट्राचे भांडवल तुर्की भट्टीपर्यंत गेले.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले. अशा वेळी मुसलमान तरुणाकडे उगाच बोट दाखवले जाते. आमचे उत्तर सरळ आहे. तुर्कस्तान हा एक परदेश आहे; त्याच्याशी व्यवहार आपल्या देशाच्या धोरणाने आणि कायद्याने करायचा, नफा-तोटा पाहून करायचा. त्याच्या यशाचा गर्व आपण वाहू नये आणि त्याच्या राजकारणाचा जाबही आपण देऊ नये. आपल्या मुलांच्या हाती मालिकांऐवजी हुन्नर, परकी भाषा आणि हिशेबाची वही असेल, तर त्यांना अंकारा दूर नाही आणि चाकणही परके नाही.