ते १६ जण कोणाला दिसले?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय म्हणून इथे आला असाल, तर आज जरा आडवाटेने जाऊ. विषय आहे ग्रुप थेरपी. मी रसायनशास्त्राची, मानसशास्त्राची नाही. पण यातला एक जुना अभ्यास मला स्वतःच्या डेटाकडे बघताना सारखा आठवतो.

या उपचाराची सुरुवात मनाच्या आजारापासून झालीच नाही. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग भरवायला सुरुवात केली. क्षयावर औषध नव्हतंच. विश्रांती, मोकळी हवा आणि रोजची नोंदवही, एवढंच. हे एकेकाला समजावण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावं, असा साधा हिशोब. पण झालं असं की एकाचं वजन वाढलेलं बघून दुसऱ्याला उमेद यायला लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांबरोबर गटांचं काम झालं. युद्ध संपल्यावर अमेरिकेत कर्ट लेविन यांच्या प्रयोगांतून धडधाकट माणसांचे प्रशिक्षण गट निघाले.

साठच्या दशकात कॅलिफोर्नियात याची लाटच आली. 'एन्काउंटर ग्रुप' नाव. गोल बसायचं, मनातलं तोंडावर बोलायचं, रडायचं, ओरडायचं. विद्यार्थ्यांमध्ये याचं भारी आकर्षण. कोणी म्हणे आयुष्य बदललं, कोणी म्हणे डोकी फिरतात. मोजलं मात्र फारसं कोणी नव्हतं.

ते मोजलं लीबरमन, यालोम आणि माइल्स या तिघांनी, स्टॅनफर्ड विद्यापीठात. दोनशेच्या वर पदवीचे विद्यार्थी, १८ गट, प्रत्येकी ३० तास, आणि तुलनेसाठी गटात न बसलेले विद्यार्थी. बहुतेक गटांचे नेते आपापल्या पद्धतीत मुरलेले. दोन गटांत तर नेताच नाही, टेपरेकॉर्डर सूचना देणार! काही महिन्यांनी पुन्हा पाठपुरावा. १९७३ साली यावर त्यांचं पुस्तक आलं, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो यालोम आणि लीबरमन यांचा १९७१ चा लेख. तो फक्त इजा झालेल्यांवर आहे. गटामुळेच झालेलं आणि टिकून राहिलेलं ठळक नुकसान, अशी व्याख्या त्यांनी आधी ठरवली. असे १६ जण सापडले.

आता छेद बघा. सुरुवात केलेले सगळे धरले तर हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास येतं. अधेमधे सोडून गेलेले ३९ वगळून शेवटपर्यंत टिकलेले १७० धरले, तर ९ च्या वर जातं. माणसं तीच १६. म्हणून कुठलीही टक्केवारी वाचताना खालचा आकडा कोणाचा, हे आधी शोधायचं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे १६ सापडले कसे. तुम्हाला वाटेल नेत्यांना विचारलं असणार. समोर ३० तास बसलेले अनुभवी लोक ते. पण इजा ओळखण्यात नेते कच्चे निघाले. सगळ्यात उपयोगी पडला तो एक साधा प्रश्न, गटातल्या इतरांना विचारलेला: तुमच्यापैकी कोणाला याचा त्रास झाला? शेजारी बसलेल्याला ते दिसलं होतं. आणि जास्त इजा झाली ती प्रभावी, आक्रमक, माणसाला लवकर उघडं करू पाहणाऱ्या नेत्यांच्या गटांत. म्हणजे जिथे बघणाऱ्याला वाटावं की काम जोरात चाललंय!

यावरून ग्रुप थेरपी वाईट, असं काढू नका. हे गट उपचारासाठी नव्हतेच, आणि निवडून, तयारी करून घेतलेला उपचाराचा गट ही वेगळी गोष्ट.

मी हा लेख शोधून वाचला त्याला कारण आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ताण कमी करण्यासाठी म्हणून आम्हा संशोधकांचा एक गट सुरू झाला होता. मला तो आवडला, खरंच. दुसऱ्या बैठकीत एक मुलगी गाईडबद्दल बोलता बोलता थांबली. तिला पुन्हा पुन्हा 'बोल, मोकळी हो' म्हटलं गेलं. तिसऱ्या बैठकीला ती आली नाही. शेवटी फॉर्म भरून घेतले, अहवालात 'सर्व सहभागींना लाभ' असं आलं. फॉर्म शेवटच्या दिवशी हजर असलेल्यांनीच भरले होते. मीही भरला, आणि तिच्याबद्दल त्यात एक ओळही लिहिली नाही. तसा रकाना नव्हता, पण खाली जागा भरपूर होती.