नायकुंडची लोखंडाची भट्टी आणि आपली वखराची पास

परवा वखरपाळी चालू असताना पासेला काहीतरी अडकलं. बघतो तर काळा, जड खडा. अंगावर बुडबुड्यांची भोकं, एका बाजूने काकवीसारखा ओघळून थिजलेला. मुरूम नव्हे हे नक्की. लोखंडाची मळी वाटते. कधीची, ते बघून सांगता येत नाही. पण पेंचच्या पट्ट्यात असा खडा सापडला की नायकुंड आठवतंच.

नागपूर जिल्ह्यात पेंचकाठी नायकुंडला १९७८ ते ८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तिथं लोखंड गाळायची लहानशी गोल भट्टी, भात्याचा वारा आत न्यायच्या मातीच्या नळ्या आणि मळी मिळाली. काळ साधारण इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा.

आता भट्टीचं काम कसं, ते बघा. लोखंड वितळायला १५३८ अंश उष्णता लागते. तेवढी त्या भट्टीत होत नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. दगडी खनिज आणि लाकडी कोळसा थराथराने भरायचा, भाता सतत मारायचा. कोळशाचा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. बाराशे अंशांच्या आसपास घाण पातळ होऊन खाली ओघळते, तीच ही मळी. लोखंड मात्र स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात उरतं. तो गोळा लाल असतानाच ठोकून ठोकून उरलेली मळी बाहेर काढायची. म्हणजे भट्टीपेक्षा जास्त मेहनत घणाची!

याच लोकांची शिळावर्तुळं जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं आहेत. त्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम निघाले. कुऱ्हाडीला दांड्यासाठी भोक नसे. सपाट पातं लोखंडी पट्ट्यांनी आडवं-उभं दांड्याला जखडलेलं. जुनापाणीची वर्तुळं १८७९ मध्ये ज्यानं उकरून अभ्यासली, तो रिव्हेट-कार्नॅक त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. कापूसवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

नायकुंडला जळालेले दाणेही मिळालेत. तांदूळ, गहू, जव, मसूर, वाटाणा. म्हणजे खरीप आणि रब्बी दोन्ही. पण ‘लोखंड आलं आणि काळ्या मातीत शेती सुरू झाली’ असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला त्याआधीच, लोखंडाशिवाय, लोक जव पिकवत होते. लोखंडानं काम सोपं केलं, झाडोरा तोडायला, वसनं खणायला. एवढं म्हणा.

माझी एक चूक सांगतो. धुऱ्याजवळ गोल मांडलेले मोठे दगड होते. लहानपणी त्यांच्यावर बसून शिदोरी खाल्ली. विहीर बांधताना तेच ट्रॅक्टरनं ओढून आणले. फुकटचा दगड म्हणून बरं वाटलं. आता तिथं तूर आहे आणि ते दगड विहिरीच्या काठाला आहेत. परत तसे मांडता येत नाहीत, कारण कोणता कुठं होता ते मलाच ठाऊक नाही.

गावात लोहाराचा भाता बंद होऊन बरीच वर्षं झाली. पास पाजवायला तालुक्याला जावं लागतं.

कुणाच्या वावरात असे खडे किंवा गोल मांडलेले दगड असतील तर हलवू नका. आधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि नागपूरच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. माझा खडा कागदात गुंडाळून ठेवलाय. कुठल्या काकरीत सापडला तेही वर लिहिलंय.