पेत्राचा नकार

पेत्राचा नकार ही बायबलच्या नव्या करारातील एक घटना आहे. येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा प्रमुख शिष्य शिमोन पेत्र याने त्याची ओळख तीन वेळा नाकारली. मत्तय, मार्क, लूक व योहान या चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आला आहे. जवळच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताला कसे सामोरे जावे, याचा विचार करताना ख्रिस्ती परंपरा या नकाराचा आणि त्यानंतरच्या समेटाचा आधार घेते.

घटना

शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राने येशूला अखेरपर्यंत साथ देण्याची ग्वाही दिली होती. त्यावर, कोंबडा आरवण्यापूर्वीच तो आपल्याला तीनदा नाकारील, असे येशूने सांगितले. अटकेनंतर पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या अंगणापर्यंत गेला. तेथे एका दासीने व इतरांनी त्याला ओळखले, तेव्हा त्याने तिन्ही वेळा कानांवर हात ठेवले. लूकच्या वृत्तांतानुसार, कोंबडा आरवताच येशूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि पेत्र बाहेर जाऊन रडला.

समेट

योहानकृत शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्या समुद्राच्या काठी शिष्यांना भेटतो. महायाजकाच्या अंगणात होता तसाच कोळशाचा विस्तव येथेही आहे. न्याहारीनंतर येशू पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो. येशू त्याला दूषण देत नाही, पण झालेले विसरल्याचा आवही आणत नाही. प्रत्येक उत्तरानंतर तो आपली मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. तीन नकार आणि तीन प्रश्न यांतील हे साम्य भाष्यकारांनी परंपरेने अधोरेखित केले आहे.

यहूदाशी तुलना

तीस रौप्यमुद्रा घेऊन येशूला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा इस्कार्योत हाही बारा शिष्यांपैकीच होता. मत्तयच्या वृत्तांतानुसार त्यालाही पश्चात्ताप झाला; त्याने पैसे परत केले, पण पुढे गळफास घेतला. पेत्र मात्र इतर शिष्यांबरोबर राहिला. त्यामुळे दोघांमधील फरक केवळ अपराधाचा नसून अपराधानंतरच्या वाटेचाही आहे, असे अनेक भाष्यकार मानतात.

प्रारंभिक चर्चमधील प्रश्न

इ.स. २५०च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने सर्वांना देवतांपुढे बळी अर्पण करण्याची आज्ञा दिली. छळाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी ती पाळली. काहींनी मात्र तुरुंगवास व मृत्यू पत्करला. श्रद्धा नाकारलेल्यांना पुन्हा मंडळीत घ्यावे काय, यावरून तीव्र वाद झाला. रोममधील नोव्हेशियन याने त्यास विरोध केला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या अध्यक्षतेखाली २५१ मध्ये भरलेल्या सभेने दोषाचे स्वरूप पाहून प्रायश्चित्त ठरवले आणि परतीचा मार्ग खुला ठेवला. अशा रीतीने क्षमा नाकारली गेली नाही, आणि दोषाकडे डोळेझाकही झाली नाही.