सबवूफरचे वॅट : एका आकड्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, घरी सबवूफर घ्यायचाय. एक तीनशे वॅटचा आहे, एक हजार वॅटचा. किंमत जवळजवळ सारखीच. कुठला घेऊ?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सरळ उत्तर देण्याची सवय नाही. आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी या. ते आज आलेले दिसताहेत.

सुरुवात जेम्स वॅटपासूनच करावी लागेल. हा गृहस्थ वाफेची इंजिनं विकायचा. गिऱ्हाईक म्हणजे गिरणीवाले, दारूच्या भट्ट्या चालवणारे. त्यांच्याकडे काम घोडे करत. मग त्याने हिशेब मांडला की एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम करतो, आणि इंजिनाची ताकद घोड्यांत सांगायला लागला. खरा घोडा दिवसभर एवढं ओढत नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटलं. पुढे १८८२ साली विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला वॅटचं नाव सुचवलं. म्हणजे ज्याच्या नावाने आपण शक्ती मोजतो, त्याने स्वतः शक्तीचं माप विक्रीसाठी वापरलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता स्पीकरकडे येऊ. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला : चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदी पडदा. त्यावरून पुढच्या वर्षी जो 'रेडिओला १०४' बाजारात आला, त्यातल्या ॲम्प्लिफायरची ताकद होती साधारण एक वॅट. एक! आणि लोकांनी तो दिवाणखान्यात आनंदाने ऐकला. त्या काळात थिएटरंसुद्धा मोजक्या वॅटांवर भरत, कारण मोठाले हॉर्न त्या थोड्या विजेचा बराच आवाज करत. वॅट महाग होते, लाकूड स्वस्त होतं.

चित्र पालटलं १९५४ साली. एडगर व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत असत. त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस. दोघांनी मिळून ॲकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. व्हिल्चर यांची कल्पना सुंदर होती. पडद्याला धरून ठेवणारी कड ताठ ठेवायची नाही, ढिली सोडायची, आणि पेटी हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम द्यायचं. कपाटाएवढ्या पेटीतून यावा असा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला. पण हा स्पीकर वॅट खाऊ लागला. तेवढाच आवाज काढायला आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त वीज.

ह्या देवघेवीला पुढे अँटन हॉफमन यांचं नाव चिकटलं. हे प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, भौतिकशास्त्रज्ञ. ह्या नियमात तीन गोष्टी आहेत : लहान पेटी, खोल खर्ज, आणि थोड्या विजेत मोठा आवाज. तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसरी सोडावी लागते. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि नंतर १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं नीट गणितात बसवलं. लोकांनी काय सोडलं ते तुम्हाला माहीतच आहे. घरं लहान, घरच्यांना मोठी पेटी नको, म्हणून तिसरी गोष्ट गेली. ट्रान्झिस्टर आल्यावर वॅट स्वस्त झाले आणि ते सोडणं खुपेनासं झालं. आजच्या घरगुती सबवूफरमध्ये शंभर वॅट घातले तर त्यातला एक वॅटही आवाज होत नाही. बाकीच्याने वेटोळं तापतं. तेव्हा मोठा वॅटचा आकडा हा बऱ्याचदा पेटी लहान ठेवल्याचा दंड असतो. १९९०च्या दशकात बॉब कार्व्हर यांनी जेमतेम अकरा इंचांचा एक ठोकळा विकायला काढला, त्यावर ॲम्प्लिफायर २,७०० वॅटचा. अमेरिकेत घरातल्या साध्या प्लगमधून सलग १,८०० वॅटच मिळतात. क्षणभरासाठी साठवलेली वीज निराळी, हे कबूल. पण आकडा कशाचा आहे हा प्रश्न इथेच सुरू होतो.

तो आधीच सुरू झाला होता. साठच्या दशकात तिकडे हाय-फायची लाट आली, तेव्हा कोणी 'पीक' वॅट छापी, कोणी 'म्युझिक पॉवर', आणि एकाच यंत्राचा आकडा दुप्पट-चौपट होई. शेवटी १९७४च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम लावला : सलग ताकद सांगा, किती ओहमवर, कुठल्या कंपनांपासून कुठपर्यंत, किती विकृतीसह. आणि मापण्याआधी तासभर एक-तृतीयांश ताकदीवर यंत्र चालवा. ही अट फार कडक होती, कारण नेमकं त्याच सुमाराला तसलं ॲम्प सर्वांत जास्त तापतं. २००० साली ती एक-अष्टमांशावर आणली, २०२४ साली नियम पुन्हा दुरुस्त केला. पन्नास वर्षं एक सरकारी खातं एका आकड्याच्या मागे लागलंय!

आपल्या बाजारात तो नियम कुठला असायला? आपल्याकडे पीएमपीओ आला. नव्वदच्या दशकात आम्हीही हप्त्यांवर एक म्युझिक सिस्टीम घेतली. त्याला कारण होतं. आमचे सासरे भजनी मंडळात पखवाज वाजवत. ते गेले, आणि मागे त्यांच्या वादनाची एकच कॅसेट राहिली. सौभाग्यवतींना त्यातला धुमा ऐकायचा होता. कणीक लावलेल्या त्या डाव्या तोंडाचा घुमारा साध्या टेपरेकॉर्डरवर येतच नसे. सिस्टीमवर पुढे सोनेरी अक्षरांत '१२०० वॅट पीएमपीओ' आणि मागच्या पट्टीवर विजेचा खप ४५ वॅट. त्यांनी ती पट्टी वाचली आणि विचारलं, "अहो, उरलेले वॅट कुठून येतात?" तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाकडे उत्तर नव्हतं. धुमा आला तो पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखा. त्या दिवशी त्यांनी कॅसेट काढून ठेवली ती बरेच महिने लावली नाही.

पुढे एका मित्राकडे ती ऐकली. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची गुडघ्याच्या वर येणारी लाकडी पेटी, पंधरा इंची स्पीकर, वीस-पंचवीस वॅटचं ॲम्प. पहिल्याच थापेला ह्या उठून पेटीजवळ जाऊन बसल्या.

मग वॅटला अर्थच नाही का? आहे, पण बांधलेला. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात, म्हणजे दहापट वॅट. आमच्या श्रोत्याचे तीनशे आणि हजार यांत फरक पाच डेसिबलचा. तोही पेटी आणि स्पीकर अगदी तेच असतील तर. शिवाय एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा तर पडद्याला चौपट पुढेमागे जावं लागतं, आणि हवाबंद पेटीत तळाच्या भागात त्यासाठी सोळापट वीज लागते. इथे मोठं ॲम्प खरंच कामाला येतं. मात्र पडद्याची धाव संपली की वरचे वॅट फक्त गरगर आणि उष्णता देतात. जोरदार ॲम्प आणि तोकड्या धावेचा पडदा ही जोडी सर्वांत वाईट. दुर्दैवाने स्वस्तात हीच बनते, कारण आता ॲम्प स्वस्त आणि चांगलं चुंबक महाग.

ह्याला उतारा म्हणून सीईए-२०१० ही चाचणी आली. ती वॅट विचारतच नाही. वीस, पंचवीस, चाळीस हर्ट्झला ठरावीक विकृतीच्या आत जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज निघतो, एवढंच मोजते. इथेही डोळे उघडे ठेवा : कोणी एक मीटरवरचा 'पीक' आकडा देतो, कोणी दोन मीटरवरचा आरएमएस, आणि ह्या दोन्हींत सरळ नऊ डेसिबलचा फरक पडतो. जेम्स वॅटचा घोडा अजून जिवंत आहे!

तर साहेब, तुमचं उत्तर. दोघांचे पंचवीस हर्ट्झचे आकडे मागा, एकाच पद्धतीने मोजलेले. मिळाले नाहीत तर पेटीचं माप, वजन आणि स्पीकरचा व्यास बघा, आणि ओळखीची एखादी चीज घेऊन ऐकायला जा. सिनेमातला भूकंप हवा असेल तर खोल खर्ज आणि त्यासाठी वॅट, दोन्ही लागतील. पखवाज तेवढा खाली उतरत नाही. त्याला मोठी पेटी पुरते. तुमच्या दोन पेट्यांची मापं तुम्ही आणली आहेत म्हणालात ना? द्या इकडे, बघू.